रकाना चार

रकाना चार: नियोजित विचलनाचे कारण.
रात्रीचे अकरा. गंगापूर रोडवरचा शेवटचा चहावाला
स्टोव्ह विझवत होता,
आणि मी त्या एका शब्दाकडे बघत बसले.
विचलन.
माणूस आधी विचलित होतो, मग त्याला कळतं,
एवढंच मला ठाऊक होतं.
इथं उलटं. आधी लिहून द्यायचं
आपण कुठं, कितपत, कोणत्या तारखेपासून
ढळणार आहोत,
तीन प्रतींत,
आणि होकार येईपर्यंत
जागचं हलायचं नाही.

मूळ आराखडा म्हणतो:
सकाळी आठ ते दहा, उपाशीपोटी,
रुग्णालयाचा दुसरा मजला, डाव्या हातातून पाच मिली.
तो आराखडा माझाच. जूनमध्ये लिहिलेला, पंख्याखाली.
तेव्हा मला जानकी भोये माहीत नव्हती,
मोरचुदानं निळी पडलेली तिची नखं माहीत नव्हती,
आणि हेही, की आठ वाजता ती
द्राक्षाच्या मांडवाखाली मान वर करून
घडामागून घड औषधात बुडवत असते,
आणि दुसरा मजला चढायचा
म्हणजे एक हजेरी बुडते.

म्हणून लिहिलं:
रक्त गिरणाऱ्याच्या नाक्यावर घ्यावे, पहाटे पावणेसहाला,
पिकअप यायच्या आत.
उपाशीपोटी ही अट गाळावी.
(नागलीची भाकर चारलाच खाऊन झालेली असते.
कंसातलं हे नंतर खोडलं.)
संमतीपत्र कोकणा बोलीत वाचून दाखवावे.
अंगठ्याला साक्षीदार हवा, तो मुकादम नसावा.
या वाक्यावर मी खूश होते.

शुक्रवारी समिती बसली.
निमोणकर वकीलबाईंनी हजेरीच्या रकमेवर बोट ठेवलं:
ही भरपाई, की आमिष?
उत्तर पाठ होतं.
औषधशास्त्राच्या सरांनी विचारलं,
भाकरीनं आकडा कितीसा हलतो?
तेही होतं, परिशिष्ट तीन.

मग खैरनार.
'सामान्य नागरिक' या खुर्चीतले, देवळाली कॅम्पचे निवृत्त पोस्टमन,
जे दोन वर्षांत फक्त
खिडकी लावा म्हणाले होते.
"नाक्यावर बाया किती असतात?"
चाळीस. पन्नास.
"त्यातल्या एकीला नाही म्हणायचं असलं,
तर ती ते कुठं उभी राहून म्हणेल?"

मी परिशिष्टं चाळली.
एक ते सहा.
"एकतीस वर्षं टपाल वाटलं," ते म्हणाले,
"काही पाकिटं चारचौघांत द्यायची नसतात."
आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

निर्णय: स्पष्टीकरणासाठी परत.

जिना उतरताना मी चिडलेली होते.
फेब्रुवारीत तोडणी, मार्चमध्ये बागा मोकळ्या,
मग सगळ्या सुरगाण्याला, आपापल्या पाड्यावर,
आपापलं रक्त घेऊन.
समितीची पुढची बैठक तीन आठवड्यांनी.
कुणाच्या हाताला कंप सुटलाच तर
विचारत बसायचं नसतं, तेवढी मुभा आहे,
आधी उपचार, मग कळवणं.
पण कंप अजून सुटलेला नाही.
नुसता प्रश्न आहे. प्रश्नाला मुभा नसते.

सोमवारी तरीही गिरणाऱ्याला गेले,
बर्फाची पेटी न घेता, सुया न घेता.
शेकोटीपासून दहा पावलांवर, एसटीच्या थांब्यामागं,
एक बंद पडलेली दुधाची टपरी आहे.
तिला दार आहे. ते आतून लागतं.
मी दोनदा लावून बघितलं.

बाहेर आले तर जानकी उभी,
डावी बाही कोपरापर्यंत वर सारलेली,
थंडीनं हातावर काटा.
"आज नाही घ्यायचं?"
नाही. अजून विचारतेय.
"कोणाला?"
मी सांगू लागले, तेवढ्यात पिकअप आली,
आणि ती बाही तशीच वर ठेवून
मागच्या फळीवर चढली.