आतला रस्ता

नगरपालिकेत ठराव झाला, सहा विरुद्ध एक:
दफनभूमीतला आतला रस्ता बंद,
डांबर उखडून बेचाळीस जागा.
पलीकडे रेल्वेची हद्द, अलीकडे ओढा,
आणखी सरकायचं तरी कुठे.

ऑर्विल ट्वाइट टेप धरून वाकतो.
चार फूट, दहा फूट, पांढरी रेघ.
याच डांबरावर तो सायकल शिकला,
बाप शेजारी खड्डा खणत असताना.
वळणावर फुटलेला गुडघा
अजून थंडीत बोलतो.
तिथे आता जागा क्रमांक नऊ.

मे उजाडला, बर्फ पुरता वितळला,
आणि इंगबोर्ग सोल्हाइमची करडी गाडी
साखळीपाशी अडली.
अकरा हिवाळे ती यायची,
काच अर्धी खाली करून
आत बसूनच नवऱ्याशी बोलायची:
छत गळतंय, दूध महागलं, असलंच काहीबाही.
कंबर उतरू द्यायची नाही.

"रस्ता गेला, बाई," ऑर्विल म्हणाला,
टोपी काढावी की नको, न कळून.

ती काठी टेकत उतरली.
रेघांमधून चालत गेली, एकीपाशी थांबली.
"ही कितीला?"
सतरा नंबर. साडेआठशे डॉलर.
हप्त्यानेही चालेल.
"माझी गाडी इथेच उभी असायची.
तेल ठिबकायचं तिचं. बघ, डाग आहे."

डाग होता.

सोमवारी खोदयंत्र आलं.
ड्रायव्हरने विचारलं, कुठून धरू?
ऑर्विलने लांबचं टोक दाखवलं,
बेचाळीसकडचं.