अर्धं शटर

पापाच्या तिकटीला शटर गुडघ्याएवढं वर.
वाकून हाक मारली,
"किसनदा, अंगठा तुटलाय."

त्यानं आधी चप्पल बघितली, मग मला.
"बैठकीतल्या सिस्टर न्हवं तुमी?
आनिक धा दिस बंद ठेवा म्हनलासा."

व्हय, मीच.
सीपीआरच्या व्हरांड्यात तेव्हा स्ट्रेचर संपली होती,
एका सिलिंडरला दोन नळ्या.
खोटं कुणीच बोललं नव्हतं त्या दिवशी.
व्यापारी म्हणाले, भाडं थांबत नाही.
डॉक्टर घोरपडे म्हणाले, श्वास थांबतो.
टाळ्या दोघांनाही मिळाल्या,
मग सगळे मिळून चहाच्या गाड्याकडे गेलो,
तर तो बंद.

आरी वादीत शिरते.
मान वर न करता तो म्हणतो,
"मेव्हणा परवापास्नं यादीत हाय. अकरावा."

यादी मला पाठ आहे.
पुढच्या तिघांना काल बेड मिळाला,
दोघांना लागला नाही.
"आता सहावा आहे," एवढंच म्हणाले.
कसा, ते त्यानं विचारलं नाही.
दोरा दातानं तोडायला गेला,
मास्क आडवा आला.

बाहेर शिट्टी.
त्यानं झटक्यात शटर ओढलं
आणि मी आतच राहिले,
ओल्या चामड्याच्या वासात, एक पाय अनवाणी,
हात वर करून मागितलेल्या बंदच्या
आत.

बूट दारावरून गेले. थांबले. गेले.

"ईस रुपये," अंधारातनं तो म्हणाला,
"म्हैन्याची पहिली भवानी."