ओस्लाच्या कपाटातलं पुडकं

शेटलँडमध्ये झाड उगवत नाही, वारा उगवू देत नाही.
नाताळचं झाडसुद्धा बोटीनं येतं, दोरीनं आवळलेलं.
भुतं मात्र इथलीच, ओस्ला म्हणायची.

बहिणीला काय द्यावं
हा प्रश्न मला चाळीस डिसेंबर पडला.
लोकरी मोजे दिले, तर ते घालून पडक्या घरांत शिरली.
म्हणून एका वर्षी थर्मामीटर.
भूत आलं की हवा गारठते म्हणे.
लर्विकच्या हिवाळ्यात! मी हसलो. ती नाही.
मग काटा थरथरवणारं एक यंत्र,
ते फक्त फ्रीजजवळ कुरकुरलं.
मग पीठ चाळायची चाळणी,
जिन्यावर भुरभुरून पावलं बघायला.
पावलं मिळाली. मेंढीची.

आठवडाभर ती शाळेची बस चालवी,
शनिवारी रात्री मी माझी व्हॅन.
मी भुतं मानत नाही,
पण त्या वाटेवर एकटीला सोडणार कसं?
ती आत, टेपरेकॉर्डर मांडीवर: "कुणी आहे का?"
मी बाहेर, थर्मासमधला चहा,
काच दोन बोटं खाली, वाफ धरू नये म्हणून.

सत्त्याऐंशी साली, येल बेटावर,
तिच्या टेपला काहीतरी लागलं.
एक गुणगुण. बारीक, बेसूर, भिंतीपलीकडची.
माझीच होती.
सांगणार होतो. पण तिचा चेहरा बघितला,
आणि नाताळ पंधरा दिवसांवर आला होता,
आणि मी अजून काहीच विकत घेतलं नव्हतं.

तेव्हापासून दर नाताळला जेवणानंतर ती टेप.
पाहुण्यांनी श्वाससुद्धा जपून घ्यायचा.
गुणगुण संपली की ती बटण दाबे, खट्,
आणि माझ्याकडे बघे, "आता बोल."
मी आणखी पुडिंग वाढून घेई.

ऑक्टोबरात गेली.
यंदाची भेट मी आधीच आणून ठेवलेली,
स्पर्श झाला की लुकलुकणारा चेंडू.
भुतं शोधणाऱ्यांच्या दुकानात वीस पौंड,
मांजरांच्या खेळण्यांत तोच तीनला.
तीनवाला घेतला.
तिच्या खुर्चीवर ठेवला. लुकलुकला नाही.
बोलावलं म्हणून ती कधी आली होती?

कपाट आवरताना माझ्या नावाचं पुडकं निघालं.
नाताळची खरेदी ती ऑगस्टातच उरकायची.
आत ती टेप,
आणि बसच्या तिकिटामागे दोन शब्द: थांबवू नकोस.

लावली. वारा. "कुणी आहे का?"
गुणगुण.
खट् ची जागा आली. गेली.
मग बूट वाजले, दार करकरलं,
आणि ओस्ला, अगदी वरच्या पट्टीत:
"गिब्बी! तुझं गाणं बंद कर, मी काम करतेय!"
आणि लांबून कुणीतरी तरुण: "सॉरी!"

तीसएक वर्षं.
पुडिंग वाढायची तीच.

सकाळचे सव्वानऊ, बाहेर अजून काळोख.
टेप मागे फिरवली.
"कुणी आहे का?"
आहे, म्हटलं. बाहेर. गाडीत.