तिसरा रकाना

आमचा माल म्हणजे पाणी.
विकला गेला तर बर्फ, नाही तर पुन्हा पाणी,
जेटीच्या उतारावरून मांडवीत परत.
शिवाय लादी गोठायला अख्खा दिवस आणि रात्र लागते;
म्हणजे उद्या किती ट्रॉलर सुटणार
ते आजच ठाऊक हवं.
एवढाच धंदा, मालीमच्या जेटीवर,
पलीकडे पणजीचे दिवे.

मी लागलो तेव्हा हे ठाऊक असणं
कुस्तान फोरमनच्या नाकात राहायचं.
पहाटे तो अमोनियाच्या वासातून बाहेर यायचा,
नदीच्या मुखाकडे तोंड करून उभा,
आणि आत येऊन सांगायचा: चारशे.
बहुतेकदा चारशेच लागायच्या.
नाही लागल्या तर कोणी बोलायचं नाही.
चुकीची नोंद ठेवायची चाल नव्हती.

शहाण्णव साली भिकूशेटनी कॉम्प्युटर आणला.
सातवी पास माणूस, हिशेब बोटांच्या पेरांवर.
काचेची खोली, एसी, चपला दाराबाहेर.
बर्फाच्या कारखान्यात थंडी विकत आणली
म्हणून हमाल आठवडाभर हसले.
मला म्हणाले, पालयेकर, तू बस.
बसलो.
होडीचं नाव, लाद्या, वेळ, उधारी,
आणि शेवटी एक रकाना, शेरा.
तो मोकळा सोडणं जिवावर यायचं,
म्हणून लिहीत गेलो:
दक्षिणेचा वारा. बांगडा भरपूर.
पात्रांवाच्या मुलीचं लग्न, शिरदोनला.
पैसे सोमवारी देतो म्हणाला.
सोमवारी दिले नाहीत.

रोज रात्री आठला बॅकअप.
आधी फ्लॉपी, मग सीडी, मग बोटाएवढा पेन ड्राइव्ह,
बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात,
डबा सायकलच्या कॅरियरवर, पर्वरीच्या चढणीवरून घरी.
बायको विचारायची, डब्यात काय?
मी म्हणायचो, बर्फ.
तिने कधी उघडून पाहिला नाही.
एका मेमध्ये वीज पडली, काचेची खोली जळाली.
दुसऱ्या दिवशी शेटनी स्वतः डबा धरला,
लहान मूल धरावं तसा, दोन्ही हातांनी.

शेजारचे दोन कारखाने बंद पडले.
त्यांचा बर्फ आमच्याइतकाच थंड होता.

मग म्हापशाहून ऊर्वी नाटेकर आली,
कानात वायर, डब्यात घरची उसळ.
तेवीस वर्षांच्या नोंदी पडद्यावर ओतल्या
आणि विचारलं, हे शेरे कोणाचे?
मी ओशाळलो. म्हटलं, काढून टाका,
ती आपली माझी खोड.
ती चार दिवस वाचत बसली. मधेच हसायची.
पाचव्या दिवशी म्हणाली, काका,
लग्न असलं की त्या वाड्यावरच्या तीन होड्या कमी सुटतात.
तुम्ही लिहिलंय. अकरा वेळा.

आता दुपारी बाराला आकडा फोनवर येतो.
पाणी कमी वाया जातं, कॉम्प्रेसर उगाच धडधडत नाही,
यंदा दुसरी शीतखोली उभी राहिली, कोळंबीसाठी.

आज एकतीस जुलै. मासेमारीची बंदी मध्यरात्री उठेल.
यंत्र म्हणतं, नऊशे.
कुस्तान काठी टेकत आला, निवृत्त होऊन दहा वर्षं झाली तरी,
नदीकडे तोंड करून उभा राहिला: अकराशे.
ऊर्वीने वाद घातला नाही.
तिने पडद्यावर त्याच्याही नावाचा रकाना केलाय,
यंत्राच्या शेजारी.
आणि तिसरा, खऱ्या आकड्याचा.
भिकूशेटना आता कमी दिसतं,
ते रोज मला तेवढाच वाचायला लावतात:
किती चुकलं? कोण चुकलं नको, किती ते सांग.

आम्ही हजार गोठवल्या आहेत.

आठ वाजले. हात अजून डब्याकडे जातो.
डब्याचं आता काम नाही,
सगळं आपोआप कुठल्याशा ढगात जातं म्हणे.
ढग म्हणजे तरी काय,
पाणीच की.
मी दिवा बंद करत नाही. तिसरा रकाना मोकळा आहे.
बाहेर दोन महिने गप्प असलेली इंजिनं
एकेक करून खोकू लागली आहेत.