डाव्या हाताची गाडी

विकणे आहे, असं मी कुठे लिहिलं नव्हतं.
रुबाब तडवीनेच सावद्याच्या बाजारात कुणाच्या तरी कानावर घातलं
आणि रविवारी सकाळी पुण्याचा माणूस दारात,
खिशात लोहचुंबक घेऊन.

बंद पडलेल्या पिकवणीघराचं दार दोघांनी मिळून ढकललं.
दुहेरी भिंती, मध्ये भुसा.
बाहेर फैजपूर सत्तेचाळीस अंशांवर,
आत ती, गोधडीखाली,
कच्च्या केळीच्या सालीच्या रंगाची.
मस्टँग. साल एकोणसत्तर. आठ सिलिंडर.
जाळीवर उधळलेला घोडा,
पन्नास वर्षं तिथल्या तिथे.

त्याने चुंबक फिरवला. दारं, मडगार्ड, डिकीची कड.
सगळीकडे चिकटला.
"कुठेच पुट्टी नाही," तो म्हणाला
आणि माझ्याकडे असं पाहिलं
की मी पदर सारखा केला.

मग मी होतं ते सांगितलं.
वायपरची मोटर अँबेसिडरची आहे.
कार्ब्युरेटरचं गॅस्केट रुबाबने बुचाच्या पट्टीतून कापलंय.
मागच्या सीटला केळ्याचा वास येतो, तो जात नाही,
रॉकेलने पुसून पाहिलं, रिठ्याने पाहिलं.
बाकी सगळं रघुनाथने बोटीवर चढवलं तसं.
गाडी पुढे पाठवतो म्हणाला होता,
मागाहून येतो.

तो काट्यांपाशी वाकला.
बंदराच्या कागदावर अकरा हजार दोनशे मैल,
इथे पंधरा हजार नऊशे.
"गाडी उभीच होती म्हणालात ना?"

उभीच होती. दिवसा.

रात्री दोननंतर बऱ्हाणपूर रस्त्यावर
फक्त दिल्लीकडे निघालेले केळीचे ट्रक.
सकाळी सातला माझा भूगोलाचा तास असायचा.
स्टिअरिंग डावीकडे, म्हणून पुढचं काही दिसायचं नाही;
रुबाब उजवीकडे बसायचा, मान बाहेर काढून,
"थांबा बाई. थांबा. हां, आता काढा."
चार हजार सातशे मैल
मी त्याच्या डोळ्यांनी ट्रक मागे टाकले.
एकदा पालच्या घाटात इंजिन बंद करून बसलो.
तापलेलं लोखंड निवताना टिकटिक करत होतं.
बराच वेळ कुणी काही बोललं नाही.
मग तो म्हणाला, ऑइल बदलायला झालंय.

यातलं मी एवढंच सांगितलं: "मी चालवायचे."
पुण्याचा माणूस खूश झाला.
"लेडीज हातची म्हटलं की भाव चढतो, मॅडम,"
आणि मोबाइलवर आकडा टाइप करून
माझ्या नाकासमोर धरला.

रुबाबला ते रुचलं नाही.
सावद्याला बैलाचीसुद्धा किंमत कुणी उघड्यावर करत नाही.
त्याने खांद्यावरचा रुमाल काढला,
पण त्या माणसाला बोटांची भाषा येईना.
"बाईंच्या हातावर दाखवतो, बघा तुम्ही."

रुमालाखाली त्याचा हात.
ऑइलने चिरलेली कातडी.
आधी दोन बोटं दाबली,
मग पाचही,
मग नुसता अंगठा धरून राहिला.

अंगठ्याचा बाजारात काय हिशोब असतो
मला माहीत नाही. मी विचारलं नाही.

"किती झाले?" पुण्याचा माणूस.

"आजून जमत नही, भो,"
रुबाब म्हणाला.