पितळी वस्तू, एक

इतिवृत्तात मी लिहिलं:
विषय क्रमांक चार. शिक्षकांना परवान्याचं शस्त्र
महाविद्यालयाच्या आवारात, दिसणार नाही असं,
बाळगू द्यावं का.
चर्चा झाली.

चर्चा झाली म्हणजे घोरपडे सर उठले
तशी खुर्ची मागं जाऊन भिंतीवर आपटली.
गेल्या महिन्यात कँटीनमागं कोयता निघाला,
बी.कॉम.च्या पोराची तीन बोटं गेली, कागलच्या.
पोलीस आले चाळीस मिनिटांनी.
"तोवर मी काय करू? हजेरी घेऊ?"
कुणी हसलं नाही.

मुजावर मॅडम म्हणाल्या, सर,
फळ्यावर लिहिताना तुमची पाठ वर्गाकडं,
आणि बॅग टेबलावर.
कमरेला लावीन की.
मग साठ पोरं सांख्यिकी शिकतील
का तुमच्या शर्टाचा फुगवटा बघतील?

संस्थेचे तातोबा चौगले, कान मोडलेले,
एके काळी मातीत उतरलेले, इतका वेळ गप्प.
म्हणाले, आमच्यात अंगाला तेल लावून यायची बंदी,
समोरच्याचा हात निसटंल म्हणून.
लपवालपवी आली की कुस्ती संपली.

"आण्णा, हे त्या कोयतेवाल्याला सांगा."

तेही खरंच होतं.
पेन थांबलं माझं.
दोघंही खरं बोलले, असं लिहायला
रकाना नाही.

यल्लाप्पा चहा घेऊन आला.
कप ठेवताना माझ्याकडं बघितलं नाही त्यानं,
मी त्याच्याकडं.

माझ्या वरच्या ड्रॉवरमध्ये सापडलेल्या वस्तूंचं रजिस्टर असतं.
छत्री, काळी. डबा, आत वाळलेली चटणी.
पैंजण, एका पायाचं.
मिरचीपूड, पुडीत, मुलींच्या खोलीतली.
आणि जूनमध्ये वाचनालय झाडताना
कपाटामागून यल्लाप्पाच्या केरसुणीला लागलं ते.
बोटाएवढं. थंड. बुडाशी गोल, टिकलीसारखं.
लिहिलं: पितळी वस्तू, एक.

त्या कपाटापाशी गारगोटीकडचा एक मुलगा बसायचा,
स्पर्धा परीक्षेची पुस्तकं घेऊन, बंद होईपर्यंत.
माझ्याकडून टाचणी न्यायचा
आणि संध्याकाळी ती परत आणून द्यायचा.
टाचणी, हो. परत.
त्याचं नसेलही.
मी विचारलं नाही. मग परीक्षा झाली, तो गेला.

सात विरुद्ध सात.
विषय पुढील सभेपर्यंत तहकूब.
चहापानानंतर सभा संपली.

जिन्यात घोरपडे सर म्हणाले,
बाई, तुम्ही काहीच बोलला नाहीत.
म्हटलं, मला मत नसतं सर. मी लिहिते.

केएमटीत शेजारच्या मुलीनं
सॅक मांडीवर घेतली, दोन्ही हातांनी धरली.
मी जरा सरकून बसले.
कमरेची किल्ली चाचपली,
आहे.