विसरण्याचा पगार

गेन्टच्या ट्राम कंपनीत, तिसऱ्या मजल्यावर,
मला विसरण्याचा पगार मिळतो.
कुणाचा जन्मदिनांक, कुणाचा जुना पत्ता;
मुदत संपली की पुसायचं,
आणि पुसलं अशी नोंद करायची.
वीस वर्षं झाली. हात बसलाय.

शेजारी योरिस. त्याचा कायदा नवा,
अजून शाईचा वास येतो.
त्याला सगळं राहायला हवं:
यंत्राने कुणाला वर काढलं, कुणाला खाली ढकललं,
कितव्या सेकंदाला, कशाच्या जोरावर.
माझं खोडरबर आणि त्याची वही
एकाच खणात. भांडत नाहीत असं नाही.

मार्चमध्ये सेव्हदालिना आली.
ट्राम चालवायची होती तिला.
यंत्राने तिला दोनशे बाराव्या जागी ठेवलेलं.
हातमोजे न काढता तिने विचारलं, का?
तिच्या अडखळत्या डचमध्ये
तेवढा एक शब्द स्वच्छ होता.

उत्तर द्यायचं तर पुसायला काढलेलं थांबवायला हवं.
आणि यंत्र बल्गेरियाहून आलेल्यांशी वाकडं वागतं का
हे बघायचं, तर आधी विचारायला हवं,
तू कुठली?
हाच प्रश्न कुणी विचारू नये
म्हणून तर मी दाराशी बसले आहे.

योरिस म्हणाला, कुलूप लावून विचारू.
मी म्हणाले, किल्ली अर्धी माझ्याकडे.
तो म्हणाला, मोजून झालं की जाळू.
मी म्हणाले, जाळल्याचा कागद दे.
असा आमचा संसार.

दोन दिवस. टेबलावर कॉफीची सहा वर्तुळं.
यंत्र आडनाव बघतच नव्हतं.
बघत होतं कालव्यापलीकडचा पिनकोड,
आणि नोकरीत पडलेला खंड.
सेव्हदालिनाची चार वर्षं
प्लोव्हदिवला, आईच्या उशाशी गेली होती.
यंत्राला ती रिकामी दिसली.

मग तिचा अर्ज माणसाने वाचला, चष्मा पुसून.
पुढचं ठाऊक नाही;
ते पान माझ्या टेबलावर येत नाही.

शुक्रवारी ती यादी मी पुसली.
योरिसने लिहून घेतलं: पुसली, चार वाजून दहा मिनिटं.

जाताना तिने विचारलं होतं,
मी आता तुमच्या लक्षात राहणार का?
मी कायद्यातलं उत्तर दिलं.
बरोबर होतं ते.
तरी परवा वळणावर ट्राम थांबली तेव्हा
चालकाच्या हातमोज्यांकडे
मी जरा जास्तच वेळ पाहत राहिले.